मधल्या प्लगचे आटे

३ नोव्हेंबर

मामा,

नमस्कार आधीच करून टाकते. पुढचं वाचल्यावर तू तो घ्यायच्या मनःस्थितीत राहणार नाहीस.

फोनच केला असता, पण फोनवर तू सगळ्याला "बरं बरं" म्हणतोस आणि ठेवल्यावर मामीला विचारतोस की ती काय म्हणाली. म्हणून लिहिते.

तू दिलेली व्हॅन बिघडलीय. गेल्या आठवड्यात सकाळी सुरू होताना अडखळायला लागली, म्हणून तीन स्पार्क प्लगांपैकी मधला साफ करायला काढला, तर तो इंजिनाच्या हेडमधले आटेच अंगाला गुंडाळून बाहेर आला. स्प्रिंगसारखे. नवा प्लग घातला तर भोकात नुसता गरागरा फिरतो. मग कोपऱ्यावरच्या लेथवाल्याने टॅपने भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडले, त्यात बुश बसवला (आतून-बाहेरून आटे असलेली बोटभर नळी) आणि बुशात प्लग. गाडी सुरू झाली. मला वाटलं सुटलो.

सुटलो कुठले. आता आवाज येतो. टिकटिक म्हणावं तर टिकटिक नाही, कुणीतरी दातांतून फुस-फुस करत नापसंती दाखवतंय तसा. इंजिन वाढवलं की तोही वाढतो. लॉजच्या चादरी भरलेल्या असल्या की दवाखान्याजवळच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरलाही रडते. मोठ्या रस्त्यावरच्या गॅरेजात दाखवली. तिथला माणूस पांढरा कोट घालतो. त्याने बॉनेट उघडलं, एक मिनिट ऐकलं आणि म्हणाला, "आटे पाडताना कीस आत पडलाय, सिलिंडर खरवडला. इंजिन खोलावं लागेल. खरं सांगू का ताई, दुसरी गाडीच बघा."

ज्यांच्या धुतलेल्या चादरी मी लॉजना पोचवते त्या लाँड्रीच्या बाई पंचवीस तारखेपर्यंत थांबणार आहेत. तोवर चार लॉजच्या चादरी एक टेंपोवाला नेतोय. पंचवीसनंतर त्यालाच कायमचं काम. आणि दादाने त्याच्या दुकानातली माझी जुनी खुर्ची पुसून ठेवलीय. खरंच पुसलीय, मी पाहिली. त्या खुर्चीत बसून पुन्हा बिलं फाडायची असतील तर तसं सांग, म्हणजे मी मनाची तयारी करते.

मामीला सांग, तिने दिलेली उशी सीटवर अजून आहे.

तुझी ड्रायव्हर भाची

---

६ नोव्हेंबर

पोरी,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात काय लिहायचे. कामाचं बोलू.

गाडी आहे तिथे उभी कर. लाँड्रीपर्यंतसुद्धा नेऊ नकोस. आत कीस असेल तर प्रत्येक फेरीला तो सिलिंडरची भिंत खरवडणार, आणि मग तो पांढरा कोट खरा ठरेल. मला ते चालणार नाही.

इंजिन खोलायचं नाही. पोट दुखतंय म्हणून कुणी आल्याआल्या पोट फाडत नाही. एक मिनिट ऐकून सिलिंडर खरवडलाय म्हणतो, त्याला काय आतलं दिसतं? चाळीस वर्षं इंजिनात तोंड घालून माझे कान गेले, पण मी असं कधी बोललो नाही.

आधी मधला प्लग काढून जुन्याशेजारी ठेव. दोन्ही सारखेच लांब आहेत का बघ. नवा लांब असला तर पिस्टन वर येऊन त्याला टोचतो आणि आवाज येतो. टोक वाकलंय का तेही बघ. मग आतला कीस काढ. मग सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते मोजणारं कॉम्प्रेशनचं मीटर कुणाकडून तरी आण. प्लगच्या जागी ते लावायचं, चावी फिरवायची, काटा कुठे थांबतो ते लिहून घ्यायचं. तिन्ही सिलिंडरचं कर. मधला कमी भरला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोज. काटा चांगला वर चढला तर भिंत नाहीतर पिस्टनच्या रिंगा गेल्या. चढला नाही तर हवा वरून कुठूनतरी पळते. एवढं साधं आहे. यासाठी कोट लागत नाही.

आता मला एक सांग. मे महिन्यात मी तुझ्याकडे आठ दिवस राहिलो तेव्हा तिन्ही प्लग माझ्या हाताने बसवून गेलो. तेव्हा आटे ठणठणीत होते. म्हणजे मधल्या काळात कुठल्यातरी गाढवाने हात लावलाय. कोण ते लिही. आणि त्या लेथवाल्याने टॅपला ग्रीस फासलं होतं का? ग्रीसला कीस चिकटतो, आत पडत नाही. फासलं नसेल तर तोही गाढव.

मामी विचारते जेवतेस का. जेवत असशीलच.

मामा

---

९ नोव्हेंबर

मामा,

सगळं केलं. प्लग दोन्ही सारखे, टोक सरळ. कीस काढायला दोरीला लोहचुंबक बांधून आत सोडलं, तळ्यात गळ टाकून बसतात तशी अर्धा तास बसले. काहीच लागलं नाही. म्हणजे आत स्वच्छ आहे. शेजारचे आजोबा गॅलरीतून विचारत होते, "मासा मोठा आहे का?"

मीटर लेथवाल्याने दिलं. बाकीचे दोन प्लग काढताना माझा जीव मुठीत होता. इतके घट्ट की पान्याला पाइप लावून जोर द्यावा लागला, पण आटे शाबूत ठेवून निघाले. आकडे असे: पहिला एकशे पासष्ट, तिसरा एकशे साठ, मधला एकशे पाच. ऑइल टाकल्यावर मधला एकशे आठ. आता हे चांगलं की वाईट ते तू सांग, मी त्या एकशे आठकडे रात्रभर बघत बसले.

टॅपला ग्रीस होतं, भरपूर होतं. अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे असाच घातला. चौथ्या फेरीला जरा जड लागलं, तेव्हा बाहेर काढून पुसून पुन्हा ग्रीस लावून घातला. त्यामुळे लेथवाल्याला गाढव म्हणू नकोस.

बाईंना रोज भेटून येते, म्हणजे विसरायला नकोत. काल टेंपोवाल्याने एका लॉजच्या चादरी दुसऱ्या लॉजला टाकल्या. मी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही, पण आतून इतकं बरं वाटलं.

तुझी भाची

---

१२ नोव्हेंबर

पोरी,

एकशे आठ हे चांगलं आहे. झोप आता.

ऑइल टाकून काटा तीनच घरं चढला. भिंत खरवडलेली असती तर ऑइलने ती फट बुजली असती आणि काटा उडी मारून तीस-चाळीस घरं वर गेला असता. म्हणजे भिंत शाबूत, रिंगा शाबूत. पांढऱ्या कोटाला माझा नमस्कार सांग. हवा वरून जाते. एक तर वाल्व्हमधून, नाहीतर त्या बुशाच्या बाजूने.

लोहचुंबकाबद्दल काय बोलू. हेड अॅल्युमिनियमचं आहे. अॅल्युमिनियम चुंबकाला चिकटतं हे कुठल्या शाळेत शिकलीस? मी चौथीपर्यंत गेलो, मला माहीत आहे. आत स्वच्छ आहे म्हणून चावी फिरवलीस, नशीब म्हणून निभावलं. धूळ ओढायचं मशीन आण, त्याला बारीक नळी चिकटव, पिस्टन खाली घे आणि प्लगच्या भोकातून ओढून काढ.

मग प्लग बसव. बुडाशी साबणाचं पाणी ओत, दुसऱ्या कुणाला चावी फिरवायला लाव. बुडबुडे आले तर बुश गळतो. नाही आले तर वाल्व्ह, आणि मग हेड उतरवायला लागेल. ते झालं तर पंचवीस तारीख विसर. खोटा धीर देत नाही. प्लगच्या बुडाशी काळी काजळी आहे का तेही बघ.

आता दुसरं. चौथ्या फेरीला "जड लागलं" असं लिहिलंस. कुणाला लागलं? टॅप भोकात असताना बाहेर उभ्या माणसाला काहीही दिसत नाही. जड लागतं ते ज्याच्या हातात दांडी असते त्यालाच. लेथवाल्याने येऊन तुला सांगितलं का, ताई, चौथ्या फेरीला मला जड लागलं? लेथवाले असं बोलत नाहीत. ते काहीच बोलत नाहीत.

टॅप कुणी घातला?

मामा

---

१५ नोव्हेंबर

मामा,

मी घातला.

लेथवाल्याने टॅप आणि बुश दिला, हात मात्र मीच चालवला आणि वरून तुझ्याशी खोटंही मीच बोलले. त्या बिचाऱ्याने फक्त "सरळ धरा" एवढे दोन शब्द खर्च केले. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, गाडी चालवायला दिली होती, फाडायला नाही. दादा तर म्हणालाच असता. तुझ्या हाताखाली चार उन्हाळे काढले म्हणून मला वाटलं जमेल. आता शिव्या दे, मी बसून वाचते.

आधी साबणाचं ऐक. लाँड्रीत साबणाला काय तोटा. बाईंनाच चावी फिरवायला बसवलं. त्या आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या आणि उतरायला तयार नव्हत्या. आणि मामा, बुडबुडे आले. प्लगच्या बुडाशी नाहीत, त्याच्या बाहेर, बुश आणि हेड यांच्यामधून. टपोरे, एकामागे एक. काजळीचं कडंही तिथेच आहे. बाई सीटवरून ओरडल्या, "हे चांगलं की वाईट?" मी म्हटलं, "मला वाटतं चांगलं," आणि मला रडू आलं, त्यामुळे त्यांना ते वाईटच वाटलं.

धूळ ओढायचं मशीनही त्यांचंच. मशीनच्या बाजूला नळीवर पायमोजा लावला होता, कीस अडकायला. त्यात तीन चकचकीत कण सापडले, मोहरीएवढे. डबीत ठेवलेत, तुला दाखवायला.

आता बुश का गळतो ते तूच ओळख. मी टॅपला ग्रीस लावलं तसं बुशालाही लावलं, भरपूर. तू नाही का म्हणायचास, जिथे आटे तिथे ग्रीस.

तुझी खोटारडी भाची

---

१८ नोव्हेंबर

पोरी,

शिव्या राहू दे. हात सरळ धरलास, मागे-पुढे केलंस, जड लागल्यावर बाहेर काढून पुसलास. कारखान्यातले पोरगेही एवढं करत नाहीत. दादाला हे वाचून दाखव.

बुशाला ग्रीस लावायचं नसतं. टॅपला ग्रीस, बुश कोरडा. तो एकदा बसला की कधी हलायचा नाही, म्हणून त्याला आटे धरून ठेवणारा गोंद लावतात. ग्रीस लावलंस, ते गरमीने जळून गेलं, तिथून हवा पळायला लागली. असाच चालवला असतास तर एक दिवस प्लग बुशासकट बॉनेटवर येऊन आदळला असता. बुश काढ. भोक आणि बुश दोन्ही पेट्रोलने धू, सुकू दे, बोट फिरवून बघ, चिकट लागलं तर पुन्हा धू. गोंद गरमी सोसणारा घे. लेथवाल्याला माहीत असेल, त्याला विचार, तो एका शब्दात सांगेल. बुश बसवून आख्खा एक दिवस गाडीला हात लावू नकोस. मग मीटर लाव.

जिथे आटे तिथे ग्रीस हे मी म्हणायचो ते खरं. त्यावरच मी दोन दिवस बसलोय. मामी म्हणते, दात दुखतो का.

मी ९ तारखेचं पत्र पुन्हा वाचलं. बाकीचे दोन प्लगही तुला पाइप लावून काढावे लागले. प्लग हाताच्या पान्याने निघायला हवा. एक घट्ट असता तर गंजला म्हटलं असतं. तिन्ही एकसारखे घट्ट, म्हणजे एकाच हाताने एकाच दिवशी घट्ट केलेले. मी तुला विचारलं होतं की मे महिन्यानंतर कुणी हात लावला. तू फेऱ्या मोजून लिहिल्यास, कण मोजून लिहिलेस, या एका प्रश्नाला उत्तर दिलं नाहीस. दोनदा पत्र आलं, दोन्हीत नाही.

त्या जुन्या प्लगच्या आट्यांवर ग्रीस होतं का? हो की नाही, एवढंच लिही. मला सांभाळून घेऊ नकोस.

मामा

---

२३ नोव्हेंबर

मामा,

होतं.

ते एवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं, मग पुन्हा उघडलं. आधी आकडे घे: एकशे पासष्ट, एकशे साठ आणि मधला एकशे अठ्ठावन्न. साबणाच्या पाण्याने बघितलं, एक बुडबुडा नाही. फुसफुस गेली. काल चार लॉजच्या चादरी एकदम भरून दवाखान्याच्या चढावर नेली, तिसऱ्या गिअरला, आणि वर पोचल्यावर उगाच हॉर्न वाजवला. बाईंनी टेंपोवाल्याला कालच सांगून टाकलं. त्यानेही हुश्श केलं, त्याला चादरी मोजता येत नाहीत. दादा म्हणाला, "बघू किती दिवस." पण खुर्ची त्याने आत नेली.

आता ते दुसरं. मे महिन्यात तू प्लग बसवत होतास तेव्हा उजेडासाठी बॅटरी धरून मी शेजारी उभी होते. प्लग टेकला, तू पाना फिरवलास, वॉशर चेपताना कुर्र झालं. तिथे थांबायचं, हे तूच मला शिकवलंस. कुर्र ऐकलं की हात काढ, म्हणायचास. तू थांबला नाहीस. पाव फेरी आणखी गेलास, मग अजून थोडं. तिन्ही प्लगना. मी ऐकलं होतं, मामा. मला वाटलं मामाला जास्त कळतं, आणि मी बॅटरी धरून गप्प उभी राहिले. म्हणून आटे गेले तेव्हा मला दोघांचं लपवायचं होतं, तुझंही आणि माझंही. निम्मी चूक माझी आहे. ती मला देऊन टाक.

तुझी भाची

---

२६ नोव्हेंबर

पोरी,

निम्मी तुझी नाही. पाव तुझी. बॅटरी धरणाऱ्याने बोलायचं असतं, समोर मामा असला तरी. उरलेली माझी, ती मी कुणाला देणार नाही.

एकशे अठ्ठावन्न छान. तीन हजार किलोमीटरनंतर एकदा बघ.

मी आयुष्यभर प्लग कानाने बसवले, हे मला तुझं पत्र वाचेपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं हाताने बसवतो. कुर्र ऐकलं की हात आपोआप थांबायचा. कान गेल्यावर हात कुर्रची वाट बघत राहिला आणि कुर्र काही येईना. वर ग्रीस लावलेले आटे, पाना लोण्यासारखा फिरतो. अॅल्युमिनियम बिचारं किती सोसणार. ग्रीस लावायची सवय लोखंडी हेडच्या काळातली, ती तेव्हाच सोडायला हवी होती.

दोन दिवस घरात बसलो. मग डोक्यात आलं की या वर्षात मी फक्त तुझीच गाडी केली नाही. तसं माझं दुकान बंद आहे, पण लोक येतात, मीही नाही म्हणत नाही. वही नाही, पण आठवून लिहिलं. शिंप्याची स्कूटर, शाळेच्या हेडबाईंची गाडी, मंडपवाल्याचा टेंपो आणि इथल्या दवाखान्याची पेशंट न्यायची गाडी. दवाखान्याची आठवली तेव्हा मी चप्पल न घालताच निघालो होतो, मामीने दारात अडवलं.

चौघांकडे जाऊन आलो. म्हटलं, मी तुमचे प्लग जास्त आवळलेत, मला ऐकू येत नाही म्हणून. गाडी चालवा, पण प्लगला कुणाला हात लावू देऊ नका, माझी भाची येऊन बघेल. शिंपी हसला. मंडपवाला म्हणाला, म्हातारपणी काहीतरी डोक्यात घेऊन बसलात. हेडबाईंनी मला चहा देऊन पंधरा मिनिटं काहीतरी समजावलं, मी बरं बरं म्हणालो. दवाखान्याचा ड्रायव्हर तेवढा हसला नाही. त्याने विचारलं, कधी येणार तुमची भाची.

तर रविवारी ये. तुझी सुट्टी असते मला माहीत आहे. टॅप, चार-पाच बुश आणि तो गोंद लेथवाल्याकडून घेऊन ये, लागले तर. प्लग इंजिन थंड असताना काढायचे, गरम असताना अजिबात नाही. एकेक करून काढ, आटे पेट्रोलने पूस, कोरडेच पुन्हा बसव आणि कुर्र आलं की थांब. आधी दवाखान्याची गाडी. मी शेजारी बॅटरी धरीन.

पान्याला मी हात लावणार नाही असं मामीला सांगितलंय, पण माझा माझ्यावर भरवसा नाही. मी हात पुढे केला तर ओरडू नकोस, मला ऐकू यायचं नाही. सरळ हातावर फटका मार.

मामा